आईचं कुठलं अक्षर घेतलंस?

माझं अख्खं नोकरीचं आयुष्य लोकांची नावं तपासण्यात गेलं. इथे परदेशात, बंदरावरच्या हार्बरफ्रंटला फेरी टर्मिनलशेजारच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. जहाजांवर माणसं पाठवण्याचं काम. खलाशांची कागदपत्रं आधी माझ्या टेबलावर येतात. पासपोर्टवर एक अक्षर जास्त, सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदीच्या, पुस्तकात एक कमी, मेडिकलच्या कागदावर बापाचं नाव मधेच घुसलेलं, असं काही दिसलं की फाईल परत. माणूस रत्नागिरीचा असो नाहीतर मनिलाचा, जहाज परवा सुटणार असो नाहीतर उद्या, माझ्याकडे दयामाया नाही. माझा नवरा स्वतः चीफ इंजिनिअर, वर्षातले सहा महिने समुद्रावर. तो म्हणतो, यमाने तुला दारात बसवलं तर माणसं मरायची थांबतील, कारण एकाचेही कागद जुळणार नाहीत.

मला या गोष्टीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. नावाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवेल असं वाटलं नव्हतं.

मग आमच्याकडे ती जपानी मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, पण पंचावन्नच्या पुढे गेलं की चाळीसच्या आतले सगळे मुलंच वाटतात. जपानी जहाजमालकांशी बोलायला तिला घेतलं होतं आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं होतं. ती आली तेव्हा पाचवा महिना चालू होता. मुलगी होणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. आपल्याकडच्यासारखी इथे त्याला बंदी नाही. तिच्या ड्रॉवरमध्ये एक पातळ वही असायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती वही बाहेर निघायची आणि ती एकेका पानाकडे अशी बघत बसायची, की साडीच्या दुकानात चार साड्या अंगावर टाकून आरशासमोर उभी राहिलेली बाई आठवावी.

मी भोचक आहे. दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, बाळाचं नाव ठरवतेय. मी म्हटलं, अजून ठरलं नाही? तर म्हणे, नाव कधीच ठरलं, ते लिहायचं कसं ते ठरत नाहीये.

मला वाटलं माझं डोकं दुपारच्या भाताने जड झालंय. तिने मग समजावून सांगितलं. आपल्याकडे नाव ऐकलं की लिहिता येतं. त्यांच्याकडे नाव ऐकून झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, की कुठल्या अक्षराने? उच्चार एकच, आणि त्या उच्चाराला बसणारी चिनी वळणाची अक्षरं दहा, वीस, काही उच्चारांना त्याहून जास्त. प्रत्येक अक्षराला आपापला अर्थ. एकाच वर्गात एकाच नावाच्या चार मुली असतील, आणि चौघींच्या आईबापांनी चार वेगवेगळ्या गोष्टी मागितलेल्या असतील. फोनवर नाव सांगताना सांगावं लागतं, फळातलं हे अक्षर, पानातलं ते अक्षर. समोरासमोर असतील तर उजव्या हाताच्या बोटाने डाव्या तळव्यावर लिहून दाखवतात. तिने लिहून दाखवलं. तळव्यावर काहीच उमटलं नाही, पण ती मात्र तिथे काहीतरी आहे अशा नजरेने बघत होती.

तिने ठरवलेलं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या पोरीचं आहे. शेवटी 'मि' येतं, एवढं सांगायला हरकत नाही. सगळं घोडं त्या 'मि'वर अडलं होतं.

आता मला चाळाच लागला. रोज जेवताना आम्ही एक अक्षर घ्यायचो. पहिला 'मि' सौंदर्याचा. वर मेंढी आणि खाली 'मोठी', असं ते अक्षर बनलंय म्हणे. मोठ्या मेंढीत कसलं आलंय सौंदर्य, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, उपाशी माणसाला विचारा. हे अक्षर तिच्या सासूबाईंना हवं होतं. त्याच्या रेघा मोजल्या की आडनावाच्या रेघांशी शुभ बेरीज जुळत होती. तसं बघणारी पुस्तकं असतात, आणि सासूबाईंकडे तीन होती. दर आठवड्याला बेरजेचा मेसेज यायचा. मी म्हटलं, अगं, पण तुमच्याकडे लग्नानंतर नवराबायकोला एकच आडनाव लावावं लागतं ना? मग मुलीने आडनाव बदललं की बेरजेचं काय? ती इतकी हसली की पोटाला हात लावून बसली. म्हणाली, हेच विचारलं म्हणून सासूबाई चार दिवस बोलत नव्हत्या.

दुसरा 'मि' समुद्राचा, तो तिच्या नवऱ्याचा हट्ट. पोरगी बंदराच्या गावात जन्मणार, खिडकीतून जहाजं दिसणार, मग समुद्र नको? या अक्षरावरून एक गंमत झाली. आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, बसलो होतो आणि तिने ते कागदी रुमालावर लिहिलं होतं. कॉफीवाले चिनी अंकल कप उचलायला आले, वाकून बघितलं, आणि सरळ तिच्या हातातलं पेन घेऊन शेजारी स्वतःचं अक्षर काढलं. त्यांच्या चिनी वळणाच्या समुद्रात 'आई' हे अख्खं अक्षर बसलेलं असतं, दोन ठिपक्यांसकट. जपानी लिहिताना ते दोन ठिपके जोडून एक सरळ रेघ करून टाकतात, म्हणजे एक रेघ कमी. अंकल म्हणाले, यू ऑल ड्रॉप द मदर, लाह. ती म्हणाली, खरंच की, पूर्वी आमच्याकडेही तसंच लिहायचे, पुढे सोपं करताना गेलं. कितीतरी वर्षं लिहितेय, पण लक्षात आलं नव्हतं. अंकलना फार आनंद झाला. त्या दिवशी तिची कॉफी त्यांनी स्वतः आणून दिली.

तिसरा 'मि' तिचा स्वतःचा लाडका. त्याचा अर्थ 'अजून नाही'. मला हसू आवरेना. पोरीचं नाव 'अजून नाही'? अंकलनीही नाक मुरडलं. पण ती म्हणाली की भविष्याच्या शब्दात हेच अक्षर येतं, जे अजून आलं नाही ते. मुलीच्या नावात आपण एक खोली रिकामी ठेवायची, सामान तिचं ती आणेल. मी ते घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बुकित बातोक स्टेशन येईपर्यंत मनात घोळवत होते. मला ते आवडलं, पण तसं मी तिला कबूल केलं नाही.

असे दोन महिने गेले. सातवा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ती जेवायला आली ती वही न घेताच. म्हणाली, ठरलं. चौथा 'मि'. फळाचा. त्याचे अर्थ फळ, भरलेला दाणा, आणि खरेपणा, असे तिन्ही. सासूबाई, नवरा, बेरीज, सगळं बाजूला ठेवलं, कारण हे अक्षर तिच्या आईच्या नावात आहे. त्यांच्याकडे तशी रीत आहे, आईचं किंवा बापाचं, आजोबांचं, एखादं अक्षर पुढच्या नावात घ्यायचं. उच्चार बदलला तरी चालतो, अक्षर तेच. तिच्या आईला हे अक्षर आईच्या वडिलांनी दिलं होतं, त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं म्हणून. आता ते या पोरीकडे जाणार.

आणि मग तिने अगदी सहज विचारलं, "तुम्ही आईचं कुठलं अक्षर घेतलंत?"

मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं. आमच्यात तर उलट आहे, लग्नात मुलीचं आडनाव जातंच, पण कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. तिचा घास हातातच राहिला. विचारलं, तुमचंही बदललं? त्यावर मी माझी जुनी, खूपदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगितली. माझ्या लग्नात ताट आलं, सासरच्यांनी नाव काढून ठेवलं होतं, नवऱ्याने अंगठी हातात घेतली. आणि माझी आई पुढे आली. माझी आई म्हणजे चार माणसांत वर मान करून न बोलणारी बाई. तिने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाली, तिचं नाव आहे तेच लिहायचं. माझे वडील कावरेबावरे झाले, सासऱ्यांनी घसा खाकरला. नवऱ्याने, देव त्याचं भलं करो, आहे तेच नाव लिहिलं. मला कायम वाटत आलं की आईने ते नाव निवडलं होतं म्हणून तिला त्याचा तोरा.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, आईंच्या नावाचा अर्थ काय? मी सांगितला, लक्ष्मीच्या नावांतलं एक आहे. ते कुणी दिलं, त्यांच्या आईवडिलांनी? मी म्हटलं, नाही, माझ्या वडिलांनी, लग्नात.

"मग त्याआधी त्यांचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं. आणि आत काहीच नव्हतं.

आजोळी सगळे तिला अक्का म्हणायचे, ती थोरली म्हणून. दोन मामा होते, ते गेले. मावशी गेली. वडील तिला 'अगं' म्हणायचे, तेही गेले. बँकेच्या फॉर्मवर आईचं माहेरचं नाव विचारतात, तिथे मी आजवर आजोबांचं आडनाव ठोकत आले आणि मला कधी, एकदाही, खटकलं नाही. जगाच्या खलाशांना एका अक्षरासाठी घरी पाठवणारी मी! लाज वाटली. खरंच सांगते, त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मला स्वतःची लाज वाटली.

आणि लाजेच्या मागोमाग भीती. आई पुण्यात दादाकडे असते, वय चौऱ्याऐंशी. गेल्या दिवाळीपासून तिचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवंडं. अलीकडे तर हाक मारली तरी ओ देत नव्हती. कानाचं मशीन आणलं, कान ठीक निघाले. आई, म्हणून तीनदा हाक मारली की चौथ्यांदा सावकाश मान वळवायची, दुसऱ्या कुणाला बोलावतायत असं वाटल्यासारखी. ते नाव आता फक्त तिच्याकडे होतं. ती विसरली की संपलं, ते कधी होतं हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. त्याला ठाऊक नव्हतं. उलट माझ्यावरच उखडला, की साठ वर्षं झोपली होतीस का? मी म्हटलं, तू जागा होतास वाटतं? शाळेचा दाखला असेल म्हणून त्याने माळ्यावरची ट्रंक काढली, तर कागदांना वाळवी. नाशिकच्या मामेबहिणीला विचारलं, ती म्हणाली, अक्काआत्या, एवढंच माहितीये. तिला तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव तरी ठाऊक आहे का हे मी विचारलं नाही, पण तिने स्वतःच घाईने विषय बदलला.

मग व्हिडिओ कॉलवर आईलाच विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं, वडिलांनी दिलेलं नाव, आडनावासकट, रेशनकार्डावरच्यासारखं. मी म्हटलं, ते नाही गं, लग्नाआधीचं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, जेवलीस का? पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. या वेळी म्हणाली, असेल काहीतरी, आणि तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. दादा म्हणाला, पुरे कर, तिला कशाला त्रास देतेस. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले, स्वच्छ होती तीच.

हे सगळं मी शेजारच्या टेबलावर सांगितलं. आठवा महिना लागला होता, ती पाय खोक्यावर ठेवून बसायची. ती म्हणाली, आमच्याकडे एखादं अवघड अक्षर आठवेनासं झालं की माणसं विचार करत नाहीत, बोट हवेत किंवा तळव्यावर फिरवतात. डोकं विसरतं, हात विसरत नाही. तिच्या आजीला शेवटी शेवटी मुलांची नावं बोलता येत नव्हती, पण पांघरुणावर बोटाने लिहायची. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुमच्याकडे तर तांदूळ आहेत.

रविवारी सकाळी मी वहिनीला सांगितलं, ताटात तांदूळ पसरून आईपुढे ठेव. वहिनीला वाटलं माझंही काही खरं नाही. पण ती गुणी आहे, ठेवलं तिने. दादाने फोन ताटाच्या वर धरला. आईने तांदूळ बघितले, ताट जवळ ओढलं, आणि खडे निवडायला लागली.

वहिनीला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि रडूही येत होतं. आई एक एक दाणा बाजूला सारत होती. हल्लीच्या तांदळात खडे कुठले, पण ती शोधत होती. मी वाट बघितली. मग म्हटलं, आई, शाळेत पाटीवर तू तुझं नाव लिहायचीस ना, ते इथे लिही. बोलू नकोस, फक्त लिही.

तिचा हात थांबला. तिने तळव्याने तांदूळ सपाट केले, अगदी कडेपर्यंत, ओटा पुसावा तसे. मग तर्जनी टेकवली. मला फोनमध्ये सगळं उलटं दिसत होतं, त्यातून दादाचा हात हलत होता. एक अक्षर झालं. बोट उचललं, पुन्हा टेकवलं. दुसरं. वेलांटी देताना तिने मनगट वळवलं ते असं ऐटीत, की मी तिला तसं काही करताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिसरं अक्षर झाल्यावर तिने वरून शिरोरेघ ओढली आणि हात मांडीवर ठेवला.

मला वाचता येत नव्हतं. मी दादाला म्हटलं, वाच ना रे. त्याने घसा साफ केला. साठीचा माणूस, पण शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखा आवाज झाला त्याचा. ते नाव त्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. त्याने ते हाक मारावी तसं, मोठ्याने वाचलं.

आईने मान वर केली.

"ओ," ती म्हणाली. एकाच हाकेला, ताबडतोब.